‘मेरे गली में’ आणि ‘माझ्या गल्लीत’

एका वाचकाने विचारले आहे : “डिव्हाइन आणि नेझी यांच्या गाजलेल्या रॅप गाण्याचे नाव ‘मेरे गली में’ असे आहे. हिंदीत ‘गली’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे ते ‘मेरी गली में’ असे असायला नको का? आणि या गाण्याविषयी मराठीत लिहिताना ‘गली’ लिहावे की ‘गल्ली’?”

प्रमाण हिंदीच्या नियमाने पाहिले तर वाचकाची शंका रास्त आहे. हिंदीत नामापुढे ‘में’, ‘से’, ‘को’ असे काही आले तरी स्त्रीलिंगी विशेषणाचा ईकार सुटत नाही. ‘मेरी गली’, ‘मेरी गली में’, ‘मेरी गली से’ असेच चालते, आणि ‘मेरे’ हे रूप ‘मेरे घर में’, ‘मेरे मोहल्ले में’ अशा पुल्लिंगी नामांच्या वाट्याला येते. गाण्याच्या चालीसाठी हा बदल केला असेल, असेही म्हणता येत नाही, कारण ‘री’ आणि ‘रे’ ही दोन्ही अक्षरे गुरूच आहेत. ‘मेरी’ म्हटले असते तरी ठेका एका मात्रेनेही हलला नसता. तेव्हा ‘मेरे’ आले ते ओठांवर तेच होते म्हणून, असे मानणे भाग आहे.

हे ओठ कुठले, हे पाहिले की उलगडा होऊ लागतो. डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, हा अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी, म्हणजे नावेद शेख, हा कुर्ल्याचा. त्यांचे हे गाणे २०१५ साली आले, आणि त्याच्या व्हिडिओत नटवलेला सेट नाही, तर अरुंद बोळ, दाटीने उभी घरे आणि गाणाऱ्यांच्या मागे गोळा झालेली तिथलीच पोरे दिसतात. जे दृश्यांच्या बाबतीत, तेच भाषेच्या बाबतीत : वस्ती जशी आहे तशी दाखवायची आणि बोली जशी आहे तशी ऐकवायची. पुढे २०१९ साली झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ या चित्रपटात हेच गाणे रणवीर सिंहच्या आवाजाची जोड घेऊन पुन्हा आले. मोठी निर्मिती होती, हाताशी संवादलेखक होते, धारावीची कथा देशभर जाणार होती. तरीही ‘मेरे’चे ‘मेरी’ करण्याच्या फंदात कोणी पडले नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आता मुख्य मुद्दा. मराठीत आपण ‘माझा वाडा’, ‘माझी गल्ली’, ‘माझे घर’ असे तिन्ही लिंगांत वेगवेगळे बोलतो. पण नामाला विभक्तिप्रत्यय लागला, त्याचे सामान्यरूप झाले, की ‘माझ्या वाड्यात’, ‘माझ्या गल्लीत’, ‘माझ्या घरात’ असे होते आणि विशेषणातला लिंगभेद पार पुसला जातो. ज्याच्या कानात लहानपणापासून ‘माझ्या गल्लीत’ बसले आहे, त्याने हिंदीचा सदरा अंगात चढवला की ‘मेरे गली में’ असेच निघते. ‘उसके शादी में खूब मजा आया’ हे वाक्य ज्याने मुंबई-ठाण्यात ऐकले नाही, असा माणूस विरळा. त्यात ‘त्याच्या लग्नात’ सरळ दिसते. ‘तेरे बिल्डिंग में’ हे ‘तुझ्या बिल्डिंगमध्ये’चे भावंड, तर ‘मेरे गाडी में बैठ’ हे ‘माझ्या गाडीत बस’चे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. मुंबईच्या हिंदीत सगळ्याच नामांना पुल्लिंगी करून टाकण्याची खोड आहे, ‘मेरा बीवी’, ‘तुम्हारा गाडी’ असे सर्रास ऐकू येते, मग ‘मेरे गली में’ हा त्याच खोडीचा नमुना का नसावा? दोन्ही वाटांनी रूप एकच मिळते, हे खरे. पण त्या ओळखण्याची एक साधी कसोटी आहे : तोच बोलणारा प्रत्यय नसताना काय म्हणतो, ते पाहावे. तो ‘ये मेरा गली है’ म्हणत असेल तर त्याने शब्दाचे लिंगच बदलले आहे. पण ‘ये मेरी गली है’ म्हणून लगेच ‘मेरे गली में’ म्हणत असेल, तर लिंग त्याला ठाऊक आहे, फक्त सामान्यरूपाचा नियम मराठीचा लागला आहे. माझ्या पाचवीच्या हिंदी वहीत निबंधाचे शीर्षक ‘मेरी पाठशाला’ असे बिनचूक होते आणि त्याखालच्या पहिल्याच ओळीत ‘मेरे पाठशाला में बड़ा मैदान है’ असे लिहिलेले होते. बाईंनी ‘मेरे’भोवती लाल गोल काढला, शीर्षक पुरेसे ठळक असतानाही मला खाली ते तसे का लिहावेसे वाटले, याचे उत्तर मला कित्येक वर्षांनी मराठी व्याकरणात मिळाले.

तरीही सगळे श्रेय मराठीला देऊन टाकणे घाईचे होईल. गुजरातीची मदत इथे होत नाही, कारण तिथेही ‘मारी गलीमां’ असा ईकार टिकतो. पण उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातून आणि बिहारमधून मुंबईत आलेल्या लोकांच्या बोलींत लिंगाचे बंधन मुळातच सैल आहे. भोजपुरीत ‘हमरा गली में’ म्हणताना गली स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, याचा विचार करावा लागत नाही. एकीकडून मराठी आणि दुसरीकडून पूर्वेच्या बोली असा दुहेरी रेटा असताना मुंबईच्या हिंदीत ‘मेरी’ टिकली असती, तर तेच नवल म्हणावे लागले असते. गायकांच्या घरी कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न यात गौण आहे; गल्लीची भाषा ही कोणा एकाच्या घरची नसतेच.

जाता जाता आणखी एक गंमत. जुन्या पत्रांत आणि सरकारी मराठीत ‘आमचे गावी’, ‘आपले सेवेशी’, ‘त्यांचे पत्नीस’ अशी एकारान्त रूपे असत. ‘त्यांचे पत्नीस’ आणि ‘उनके पत्नी को’ शेजारी ठेवून पाहा : पत्नी स्त्रीलिंगी असूनही दोन्हीकडे एकारच आहे. मामलेदार कचेरीतला कारकून आणि कुर्ल्याचा रॅपर एका व्याकरणाच्या पंगतीला बसलेले पाहून मला तरी आनंद झाला.

राहता राहिला ‘गली’ की ‘गल्ली’ हा प्रश्न. मराठी शब्द ‘गल्ली’ असाच, ‘ल’चे द्वित्व असलेला. पुण्याची तपकीर गल्ली, कोल्हापूरच्या राजारामपुरीतील क्रमांकांच्या गल्ल्या, गावोगावच्या खाऊगल्ल्या ही सगळी त्याची घरे. ‘गल्ली ते दिल्ली’ हे यमकही त्या द्वित्वावरच उभे आहे. हिंदीतील ‘गली’ एकेरी आहे. गाण्याचे नाव बहुधा रोमन अक्षरांत छापले जाते आणि तिथे ‘Gully’ असे दोन ‘एल’ असतात, त्यामुळे काही जण ते ‘गल्ली’ लिहितात, तर काही जण ‘यू’ पाहून चक्क ‘गुली’ म्हणतात. हे मात्र टाळावे. क्रिकेटमधील क्षेत्ररक्षणाची ‘गली’ ही इंग्रजीतून आलेली, अरुंद घळ या अर्थाची आहे आणि तिचे आपल्या गल्लीशी नाते नाही, जरी गल्ली क्रिकेटमध्ये दोघी एकाच वेळी भेटत असल्या तरी.

माझा सल्ला असा : गाण्याचे नाव अवतरणचिन्हांत ‘मेरे गली में’ असेच ठेवावे, ‘मेरी’ करून सुधारू नये, आणि त्याला थेट प्रत्यय न लावता ‘“मेरे गली में” या गाण्यात’ असे लिहावे, आपल्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘गल्ली’च लिहावी, म्हणजे ‘या गाण्याच्या व्हिडिओत मुंबईची गल्ली दिसते’.