जन्मदाखल्यावर सिद्धेश्वरी लिहू की सिद्धी?

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची आहे. जन्मनोंद वेळेत झाली, पण नावाचा रकाना रिकामा राहिला. मला ‘सिद्धेश्वरी’ हवं आहे, यजमानांना ‘सिद्धी’. लसीकरणाच्या कार्डावर सिद्धी लिहून झालंय. आता तेच बंधनकारक आहे का? ‘सिद्धेश्वरी उर्फ सिद्धी’ असं लिहिलं तर?

उत्तर : ताई, लसीकरणाच्या कार्डाने तुमचे हात बांधलेले नाहीत. नाव ठरतं ते जन्मनोंदीत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 नुसार नाव मागाहून देता येतं. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तुमच्या हातात अजून काही महिने आहेत, ते वादात घालवू नका.

घाई करू नका असंही सांगतो, कारण एकदा नोंदलेलं नाव बदलणं अवघड असतं. कलम 15 आहे चूक दुरुस्त करण्यासाठी. ‘आता आम्हाला दुसरं आवडतं’ ही चूक ठरत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, प्रसंगी न्यायालय. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

माझं मत विचाराल तर दाखल्यावर सिद्धेश्वरी लिहा. घरात सिद्धी म्हणायला कुठल्याच कायद्याची परवानगी लागत नाही, त्यामुळे यजमानांचं काहीच हिरावलं जात नाही. उलट दाखल्यावर सिद्धी लिहिलंत आणि पुढे मुलीला पूर्ण नाव हवंसं वाटलं, तर सगळी धावपळ तिच्या वाट्याला येईल. मात्र सिद्धेश्वरी हे नाव प्रत्यक्षात कोणीच वापरणार नाही, अगदी शाळेतही सिद्धीच सांगणार, अशी तुम्हा दोघांची खात्री असेल, तर सरळ सिद्धी लिहा. छोटं नाव कायद्याने कमी दर्जाचं नसतं. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं नाव लांब की आखूड यावरून नसतात. दाखल्यावर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं, त्यातून ती उभी राहतात.

म्हणूनच ‘उर्फ’ नको. एखाद्या अर्जात ते गळलं की दोन व्यक्ती वेगळ्या नाहीत हे सिद्ध करत बसावं लागतं.

इंग्रजी स्पेलिंगही आत्ताच ठरवा. ‘द्ध’ आणि ‘श्व’ प्रत्येकजण आपल्या पद्धतीने लिहितो. अर्जावर दोघांनी सह्या करा, दाखला हाती आला की तिथेच अक्षर न् अक्षर तपासा, आणि मगच आधार कार्डासाठी जा. लसीकरण कार्डावरचं नावही त्यानुसार बदलून घ्या.