पद्मिनीच्या सीटा आणि १,८५,००० चं कोटेशन

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे वाचक, वय ४६. हातात येणारा पगार ७८,०००, घराचा हप्ता २४,०००, मुलगी यंदा बारावीला. वडील वारल्यापासून त्यांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी दारात उभी आहे. इंजिन चालतं, रंग बरा आहे, पण आतलं सगळं फाटलंय: सीटा, डोअर पॅड (दरवाजाच्या आतली मढवलेली फळी), छताचं कापड. कुशनवाल्याने १,८५,००० सांगितले. ३ लाखांची एफडी मोडावी की १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावं? दिवाळीला ६०,००० बोनस मिळेल. मित्र म्हणतात, पन्नाशी उलटलेली गाडी आहे, व्हिंटेज नंबर घेतला की पैसे वसूल.

दोन्ही करू नका. एफडी चार महिन्यांच्या पगाराइतकीही नाही, आणि घरात बारावीची मुलगी आहे. प्रवेशाच्या वेळी कॉलेजं थांबत नाहीत. कर्जाचा हिशेब सरळ आहे: १,८५,००० वर १४ टक्क्यांनी तीन वर्षं महिना सुमारे ६,३२३ रुपये हप्ता, म्हणजे सुमारे ४२,६०० रुपये नुसतं व्याज. त्यात कोटेशनमध्ये जीएसटी धरला नसेल तर १८ टक्क्यांनी आणखी ३३,३०० वाढतील. हे आधी विचारा.

आता 'वसूल' होण्याबद्दल. ही गुंतवणूक नव्हे, हौस आहे, आणि हौसेला पैसे घालायला माझी काहीच हरकत नाही. फक्त तिला गुंतवणुकीचं नाव देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणी फी २०,०००, मुदत दहा वर्षं. पण त्यानंतर ती गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी बायको-मुलीला घेऊन त्र्यंबकेश्वरला जायचं असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असण्यावर आहे. सीटचं कापड बदललं म्हणून नंबर अडत नाही. पण घेणारा गिऱ्हाईक आत डोकावतो तेव्हा तो मूळचं रूप शोधत असतो, लेदरच्या बकेट सीटा नव्हे. पुढेमागे विकलीत तर वापरातली गाडी 'वैयक्तिक वस्तू'त मोडते, त्यामुळे नफ्यावर भांडवली नफा कर नाही. तोटा झाला तर त्याची वजावटही नाही.

आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल तर पहिला रुपया तिथे जाऊ द्या. फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. त्याशिवाय विम्याचा दावा अडकतो. मॉडेल बंद झालेलं असल्याने गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. कामाची बिलं आणि फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

तुमच्या कोटेशनमधले तीन आकडे मी सरळ खोडतो: डॅशबोर्ड रॅपिंग १५,०००, डॅम्पिंग शीट (आवाज-थरथर कमी करणारा थर) १४,०००, स्टीअरिंग आणि क्रोमचं काम १६,०००. डॅम्पिंगचं डांबरी शीट गंजक्या पत्र्यावर चिकटवलं की खाली पाणी कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत गाडीच्या फरशीला भोक पडतं. बाकीची दोन कामं निव्वळ नटवणं. ४५,००० इथेच वाचले. कार्पेटचे १६,००० सुद्धा नकोत. पाणी धरून ठेवणाऱ्या कार्पेटपेक्षा रबरी मॅट बरी, धुवून वाळवता येते.

कोटेशनमध्ये जे नाही त्याची मला जास्त काळजी आहे, ते म्हणजे पत्रा. मॅट उचलून पायाखालची फरशी, सीटखालचे कोपरे आणि डिकीचा तळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. ठस्स आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर आधी डेंटर (पत्र्याचं काम करणारा), मग कुशनवाला. नव्या सीटा बसवल्यावर वेल्डिंगचं काम निघालं तर ठिणग्यांनी रेक्झिन जळतं आणि सगळं पुन्हा उतरवण्याची मजुरी वेगळी. रंगकाम मनात असेल तर तेही याच वेळी.

दिवाळीच्या बोनसमधून बीडिंग-फेल्टचे (दार-काचांच्या कडांना लागणाऱ्या पट्ट्यांचे) १२,००० आणि छताचे १८,००० द्या, पत्र्यासाठी १५,००० बाजूला ठेवा. पाणी आत येणं थांबल्याशिवाय बाकी सगळं वाया. या काळातल्या बहुतेक गाड्यांत छताचं कापड तारांच्या कमानींवर टांगलेलं असतं आणि त्याच्या कडा काचेच्या रबराखाली दाबलेल्या असतात, म्हणून पुढची-मागची काच काढावी लागते. जुनं रबर कडक झालेलं असतं. तेच परत बसवलं तर पहिल्याच पावसात गळतं. नवं रबर १२,००० मध्ये धरलंय का, हे लिहून घ्या. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा, त्यामुळे काढतानाच नंबर टाकायला सांगा. चिकटवताना सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं लागतं. घाई केली की मे महिन्याच्या उन्हात कापड सुटून डोक्यावर लोंबतं.

डोअर पॅडचे २२,००० जरा सैल वाटतात. मूळ पॅड हार्डबोर्डचा, तळाशी फुगतो. कारण काचेवरून दरवाजात पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं धुळीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. पॅडमागे जाड पॉलिथिन हवं आणि त्याची खालची कड दरवाजाच्या आत खोचलेली हवी. नवा पॅड ३ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचा करून कडांना वार्निश मारा. त्याहून जाड प्लाय घेतला तर काचेचं हँडल दांड्यावर पूर्ण बसत नाही, क्लिपाही पकडत नाहीत. जुने पॅड कितीही कुजलेले असले तरी टाकू देऊ नका, भोकांची मापं त्यांच्यावरच आहेत.

सीटांचे ७२,००० लेदरचे आहेत. मूळ रेक्झिन होतं, रेक्झिनचाच भाव मागा, आणि माल व मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. ५४ इंची पन्ह्याचं रेक्झिन दोन्ही बाकड्यांना आणि चार दरवाजांना मिळून साधारण ११ मीटर लागेल; चुण्यांचं डिझाइन असेल तर दोन मीटर जास्त. स्प्रिंगची चौकट मूळचीच ठेवा, तुटलेल्या स्प्रिंगा बदला, गंज घासून रंग मारा. स्प्रिंग आणि फोममध्ये गोणपाट हवंच, नाहीतर तार फोम कापते. फोम ४० डेन्सिटीचा. हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि वर्षभरात बसतो. दोरा नायलॉनचा, सुती दोरा घामाने कुजतो.

सीटा आणि पॅडसाठी महिना ५,००० ची आवर्ती ठेव सुरू करा, म्हणजे पुढच्या दिवाळीला साठ हजारांवर रक्कम हातात असेल. मुलीच्या फीला कमी पडलं तर याच ठेवीला हात लावा, एफडीला नव्हे. सीटा आणखी वर्षभर थांबू शकतात.

फार वर्षं मात्र थांबू नका. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची हटली. हँडलं, क्लिपा, बीडिंगच्या पट्ट्या असा माल दुकानदार आजवर टॅक्सीवाल्यांच्या भरवशावर ठेवत आले. त्यामुळे कुर्ल्याला किंवा पुण्याच्या नाना पेठेत चक्कर झाली तर हा बारीकसारीक माल आत्ताच घेऊन ठेवा, बसवायचा नंतर. आगाऊ रक्कम देताना ३० टक्क्यांवर जाऊ नका, आणि शेवटचे ३० टक्के गाडीवर पाइपने दहा मिनिटं पाणी मारून आत कोरडं राहिलेलं पाहिल्यावरच द्या.