सुरुवात फलटणपासून कर
अगं, दलित स्त्रियांची आत्मकथनं वाचायची म्हटलीस की साताऱ्यात कुणीही आधी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' हातात देईल. चांगलंच आहे ते. पण तू बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' घे. बाई आपल्याच जिल्ह्यातल्या, फलटणच्या. दुकान सांभाळता सांभाळता लिहायच्या, तेही नवऱ्यापासून लपवून. पुस्तक आलं १९८६ साली. त्यात 'मी' कमी, 'आम्ही' जास्त. बाळंतिणीची उपासमार, खरोखरच नाक कापलेल्या सुना... ही पानं घाईनं उलटू नकोस. जाच गावाचा होता तसा घरचाही, हे त्या झाकत नाहीत. मला ते फार मोठं वाटतं. शब्द अडला तर कोश नंतर, आधी आजीला विचार. आणि खुणा पेन्सिलीनंच कर, प्रत माझी आहे!