जीव टांगणीला लागतो, मग शेवटाला काय म्हणायचे?

प्रश्न असा आला आहे: “‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी अंतराळमालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागावर मी लिहिते आहे. त्या भागाने १९९०च्या उन्हाळ्यात चाहत्यांची जी अवस्था केली, तीच लेखाचा विषय आहे. ‘क्लिफहँगर’ला, म्हणजे गोष्ट ऐन संकटात थांबवणाऱ्या शेवटाला, मराठी शब्द हवा. एकाने ‘कडेलोट’ सुचवला, एकीने ‘उत्कंठाबिंदू’. की सरळ ‘क्रमशः’ लिहू?”

‘कडेलोट’ नको. सुचवणाऱ्याला ‘क्लिफ’मधला कडा दिसला, पण कडेलोटात माणूस कड्यावरून खाली गेलेला असतो. रायगडाचे टकमक टोक पाहिलेल्या कोणालाही हा शब्द उच्चारताना खालची दरी आठवते. ‘सहनशीलतेचा कडेलोट झाला’ म्हणतो तेव्हाही काहीतरी संपलेले असते, परतीची वाट राहिलेली नसते. इथे नेमके उलटे आहे. माणूस पडलेला नाही, वाचलेलाही नाही. इंग्रजी शब्द रूढ झाला तो १९३०च्या दशकात, थिएटरात आठवड्याला एक भाग दाखवल्या जाणाऱ्या साहसपटांमुळे. नायक संकटात अडकलेला असताना पडदा काळा व्हायचा आणि प्रेक्षकाने पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढायचे. सगळी जादू त्या मधल्या लोंबकळण्यात आहे.

आता तुमचा भाग बघू, कारण शब्द त्यातूनच सापडतो. बोर्ग नावाची अर्धयंत्र जमात कॅप्टन पिकार्डला पळवून नेते आणि त्याच्या अंगात यंत्रे खुपसून त्याला आपल्यातला एक करून टाकते. पडद्यावर तो येतो तो स्वतःची ओळख ‘लोक्युटस’ अशी करून देत. (लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘बोललेला’. ज्याच्याकडून स्वतःचे बोलणे हिरावून घेतले त्याला हे नाव देणाऱ्याला मी मनापासून दाद देते.) तो सांगतो, प्रतिकार व्यर्थ आहे. इकडे पिकार्डच्या अंतराळयानाची सूत्रे त्याचा दुय्यम अधिकारी रायकर याच्या हातात आहेत. बोर्गच्या त्या प्रचंड घनाकृती यानावर चालवायचे एकच अस्त्र तयार आहे आणि समोर आपलाच कॅप्टन उभा आहे. कॅमेरा रायकरच्या चेहऱ्यावर येतो, संगीत चढत जाते, आणि तो वॉर्फ या सहकाऱ्याला म्हणतो, “फायर.” तिथेच भाग संपतो. पडद्यावर ‘टू बी कंटिन्यूड’.

तारीख १८ जून १९९०. उत्तरार्ध लागला २४ सप्टेंबरला. मध्ये चौदा आठवडे.

पिकार्डची भूमिका करणारे पॅट्रिक स्टुअर्ट मालिका सोडणार अशी कुजबूज तेव्हा होतीच, त्यामुळे पिकार्ड परत येईल याची चाहत्यांना खात्री वाटेना. स्टुअर्ट यांनी पुढे त्या उन्हाळ्याची एक आठवण सांगितली आहे. रस्त्यात शेजारच्या गाडीतून कोणीतरी त्यांच्यावर ओरडले, त्याचा आशय असा की, तुम्ही आमच्या उन्हाळ्याची वाट लावलीत!

या एका ओरडण्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. इंग्रजी शब्दात कड्याला लटकलेला असतो तो गोष्टीतला माणूस. मराठीत लटकतो तो बघणाऱ्याचा जीव. ‘जीव टांगणीला लागला’ हे आपण दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री म्हणतो, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर म्हणतो, शेवटच्या षटकात चार धावा हव्या असतात तेव्हा म्हणतो. दर वेळी टांगलेले असतो आपण. चाहत्यांच्या अवस्थेवर लिहायचे असेल तर याहून नेमका शब्द कुठून आणणार? तो आधीपासून आपल्या तोंडात आहे, फक्त नाम म्हणून सुटा वापरायची सवय नाही.

यातली क्रियापदेही जवळून बघण्यासारखी आहेत. ज्याच्यावर वेळ येते त्याचा जीव टांगणीला लागतो, जो वेळ आणतो तो दुसऱ्याचा जीव टांगणीला लावतो. लागणे आणि लावणे, एका अक्षराचा फरक. चाहत्यांचा लागला, पटकथाकार मायकेल पिलर यांनी लावला, असे सरळ मांडता येते. पण खरी गंमत पुढे आहे. पूर्वार्ध लिहिला तेव्हा पिलर यांचा मालिका सोडायचा विचार चालला होता, आणि उत्तरार्धात सगळ्यांना कसे सोडवायचे हे त्यांनी ठरवलेलेच नव्हते. रायकरपुढेही त्या भागात हाच प्रश्न आहे, दुसऱ्या यानाचे कप्तानपद घ्यायचे की इथेच राहायचे. म्हणजे लावणाराही लागलेलाच होता. हे इतक्या थोडक्यात मराठीत सांगता येते याचा मला फार आनंद होतो.

आता ‘क्रमशः’. शब्द सुंदर आहे, पण काम वेगळे. ‘शब्दशः’, ‘अक्षरशः’, ‘बहुशः’ यांत जो ‘शः’ आहे तोच यात, अर्थ ‘क्रमाक्रमाने’. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ सुरू केले, तेव्हापासून तरी मराठी वाचक साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने कादंबरी वाचत आला आहे, आणि ‘क्रमशः’, ‘अपूर्ण’, ‘पुढे चालू’ या पाट्या त्याच्या डोळ्यांच्या ओळखीच्या आहेत. पण ती नुसती पाटी. नायिका शांतपणे चहा पीत असताना प्रकरण संपले तरी खाली ‘क्रमशः’ येणारच. पुढे भाग आहे एवढेच ती सांगते, जिवाचे काय झाले ते सांगत नाही. तेव्हा पडद्यावरच्या ‘टू बी कंटिन्यूड’साठी ‘क्रमशः’ अवश्य लिहा. लिहाल तेव्हा शेवटी विसर्गच टाका. कळफलकावरचे अपूर्णविरामाचे चिन्ह तिथे बसवलेले सर्रास दिसते, आणि मग ‘क्रमश’ एकीकडे नि दोन टिंबे दुसऱ्या ओळीवर जाऊन पडतात.

‘उत्कंठाबिंदू’ चुकीचा नाही. समीक्षेत खपेल. पण चौदा आठवडे तळमळलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभत नाही, आणि उत्कंठा गोष्टीच्या मध्यावरही शिगेला पोचू शकते. इथे शेवट हवा.

माझी सूचना ‘टांगता शेवट’. डोक्यावरच्या ‘टांगत्या तलवारी’मुळे हे विशेषण कानाला परके नाही, आणि त्या तलवारीतली भीतीही आपोआप सोबत येते. सुटे नाम हवे तिथे नुसते ‘टांगणी’ लिहा: ‘या पर्वाची टांगणी’, ‘टांगणीचा भाग’. स्त्रीलिंगी आहे, अनेकवचन ‘टांगण्या’. ‘डॅलस’ या मालिकेत जे. आर. या पात्रावर गोळी कोणी झाडली याचे उत्तर मार्च १९८०पासून नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवले होते, ती अमेरिकी टीव्हीवरची सर्वांत गाजलेली टांगणी, असे वाक्य मला तरी कुठे अडत नाही. ‘अधांतरी शेवट’ मात्र टाळा. त्यातून लेखकाने गोष्ट अर्धवट सोडली असा अर्थ निघतो, आणि तो इथे अन्याय ठरेल.

लेखात उत्तरार्धाकडे याल तेव्हा या वाक्प्रचाराचा जोडीदार हाताशी आहेच. सप्टेंबरात ते अस्त्र बोर्गवर चाललेच नाही, कारण पिकार्डला ठाऊक होते ते सगळे आता त्यांनाही ठाऊक होते. वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळच्या लढाईत पिकार्डच्या बाजूची ३९ याने गेली. शेवटी यानावरच्या डेटा या यंत्रमानवाने पिकार्डच्याच मनाच्या वाटेने बोर्गना झोपण्याची आज्ञा पोचवली आणि कॅप्टन परत आला. चाहत्यांचा जीव भांड्यात पडला. पूर्वार्धाची सर उत्तरार्धाला नाही असे मानणारे तेव्हाही होते, आजही पुष्कळ आहेत, मीही त्यांतलीच. तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘जूनमधल्या टांगत्या शेवटाने चाहत्यांचा जीव चौदा आठवडे टांगणीला लावला. सप्टेंबरात तो भांड्यात पडला, पण मन भरले नाही.’