ग्रहण, पिधान, अधिक्रमण: कुठे काय म्हणावे?

प्रश्न असा : चंद्र सूर्यासमोरून गेला की ग्रहण, शुक्र गेला की अधिक्रमण, आणि चंद्राने तारा झाकला की पिधान. झाकणे तेच, मग तीन शब्द कशाला?

दोन गोष्टी पाहाव्यात. पुढचे बिंब मागच्यापेक्षा लहान दिसते की मोठे, आणि कोणी कोणाच्या सावलीत शिरते आहे का.

लहान बिंब मोठ्या बिंबावरून सरकले तर अधिक्रमण. 6 जून 2012 ला शुक्र सूर्यावरून गेला, तेव्हा त्याचा ठिपका सूर्याच्या व्यासाच्या जेमतेम बत्तिसाव्या हिश्शाएवढा होता. मोठ्या बिंबाने लहान पुरते झाकले तर पिधान. चंद्राआड जाताना चित्रा किंवा मघा हळूहळू मंदावत नाही, एकदम विझते. चंद्राला वातावरण नाही ना! बातम्यांत याला खुशाल 'ताऱ्याचे ग्रहण' म्हणतात, ते चूक.

ग्रहण म्हणजे सावलीत सापडणे. चंद्रग्रहणाला हे चपखल बसते. सूर्य मात्र कोणाच्या सावलीत जाणार? काटेकोरपणे खग्रास सूर्यग्रहण हे सूर्याचे पिधानच, आणि कंकणाकृती तर चक्क अधिक्रमण ठरेल, कारण तेव्हा चंद्रबिंब लहान पडते. तरी रूढ शब्द मोडीत काढायचे कारण नाही. सावली पृथ्वीवर पडते, सूर्यावर नाही. ग्रहण लागते ते आपल्याला.

चंद्राची प्रच्छाया, म्हणजे सावलीचा पूर्ण काळोखा, निमुळता होत जाणारा भाग, सरासरी पावणेचार लाख किलोमीटर लांब, तर चंद्राचे अंतर साधारण 3 लाख 56 हजार ते 4 लाख 7 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलते. प्रच्छाया जमिनीला टेकली तर खग्रास, जमिनीच्या अलीकडेच संपली तर कंकणाकृती. शुक्राची प्रच्छाया साडेनऊ लाख किलोमीटरच्या आसपास संपते आणि तो अगदी जवळ आला तरी सुमारे चार कोटी किलोमीटर दूर असतो. 'शुक्राचे सूर्यग्रहण' पृथ्वीवरून दिसणे शक्यच नाही.

तिन्ही शब्दांचा फरक दुर्बिणीतून पाहायचा तर गुरूचा चंद्र आयो बघावा. प्रतियुतीपूर्वीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्यापूर्वीच्या) महिन्यांत तो गुरूच्या बिंबाला टेकण्याआधीच, पश्चिमेला मोकळ्या आकाशात दिसेनासा होतो : हे ग्रहण. मग पूर्वेच्या कडेमागून बाहेर येतो : हा पिधानाचा शेवट. पुढे तो गुरूसमोरून जातो ते अधिक्रमण. त्याची सावली काळ्या ठिपक्यासारखी ढगांवरून सरकते, ते छाया-अधिक्रमण. त्या ठिपक्यातून पाहणाऱ्याला मात्र ते खग्रास सूर्यग्रहण.