सेंटओएस 7 वर नोड 18 सुरू होत नाही. जीलिबसी नवी करावी का?

आपला प्रश्न असा आहे: लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाचा सर्व्हर सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीवर चालतो, शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला नोड 18 (जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) लागते, आणि ते बसवल्यावर ‘जीलिबसी 2.28 सापडली नाही’ असा संदेश येऊन सगळे थांबते. अशा वेळी जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रॅम जिच्या आधारे चालतात ती मूळ लायब्ररीच, बदलून टाकावी का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका.

आधी हे का घडते ते पाहू, कारण ते समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. सेंटओएस 7 मधील जीलिबसी 2.17 आहे, म्हणजे 2012 च्या डिसेंबरात निघालेली, 2.28 निघाली 2018 च्या ऑगस्टमध्ये. नोड 16 ची अधिकृत बायनरी (चालवायला तयार बांधलेली फाइल) 2.17 वर चालावी अशा बेताने बांधलेली होती, पण नोड 18 पासून ती आरएचईएल 8 या रेड हॅटच्या लिनक्सवर बांधली जाऊ लागली आणि त्यामुळे 2.28 ही किमान अट झाली. जीलिबसीमधील प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचे लेबल असते, आणि प्रोग्रॅम ज्या यंत्रावर बांधला जातो तेथील लेबल त्याच्यात कोरले जाते. घातांक काढणारे ‘पॉव’ हे फंक्शन फार जुने आहे, तरी 2.29 मध्ये त्याला नवे लेबल मिळाले. त्यामुळे त्यानंतरच्या जीलिबसीवर बांधलेला आणि ‘पॉव’ वापरणारा प्रोग्रॅम सहसा तेच लेबल मागतो आणि जुन्या यंत्रावर अडतो. उलट दिशेने मात्र अडचण नाही: जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर सहसा विनातक्रार चालतो. आपल्या यंत्रावरील आवृत्ती ‘एलडीडी’ला ‘व्हर्जन’ हा पर्याय देऊन पाहता येते, आणि नोडची बायनरी नेमकी कोणती लेबले मागते ते ‘ऑब्जडम्प’ दाखवते.

आता जीलिबसी बदलण्याविषयी. त्या यंत्रावरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम, म्हणजे शेल, ‘एलएस’, ‘सुडो’ आणि सॉफ्टवेअर बसवणारे खुद्द ‘यम’सुद्धा, सुरू होतानाच तिला हाक मारतो. मूळ फाइलच्या जागी दुसरी ठेवताना तिचा लोडरशी (प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी जोडणाऱ्या भागाशी) मेळ बसला नाही, तर पुढची एकही आज्ञा चालत नाही आणि एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून, नव्याने आतही जाता येत नाही. वाळूजच्या एका कारखान्यातील सर्व्हरवर असेच झालेले मी पाहिले आहे. सुदैवाने तेथे रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे, एक टर्मिनल उघडे राहिले होते, म्हणून कोणती लायब्ररी आधी घ्यायची ते सांगणाऱ्या ‘एलडी प्रीलोड’मध्ये 2.17 च्या जुन्या फाइलचा पत्ता देऊन फाइलचा दुवा जोडणारे ‘एलएन’ चालवता आले आणि दुवा पूर्ववत झाला. ते टर्मिनल बंद झाले असते तर यंत्र बाहेरच्या डिस्कवरून सुरू करण्यावाचून मार्ग नव्हता. नवी जीलिबसी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिचा पत्ता संपूर्ण शेलच्या, लायब्ररी कोठे शोधायची ते सांगणाऱ्या ‘एलडी लायब्ररी पाथ’ला देण्याचा सल्लाही अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. लोडर जुना आणि लायब्ररी नवी अशी जोडी जमत नाही, त्यामुळे साध्या आज्ञाही कोसळतात.

सोयाबीनची आवक सुरू असताना दुकान बंद ठेवता येणार नाही, हे मी गृहीत धरतो. तूर्त सर्वांत कमी धोक्याचा उपाय म्हणजे नोड प्रकल्पाच्या ‘अनऑफिशियल बिल्ड्स’ विभागातील, खास 2.17 साठी बांधलेली बायनरी. ती वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि आपल्या सेवेच्या फाइलमध्ये तिचाच पत्ता द्या. यंत्रातील दुसऱ्या कशालाही हात लागत नाही. त्यानंतरही तसाच संदेश आला तर तो बहुधा नोडचा नसून एखाद्या एनपीएम मॉड्यूलसोबत (नोडसाठीच्या तयार जोडभागासोबत) तयार आलेल्या बायनरीचा असतो. संदेशाच्या शेवटी त्या फाइलचे नाव दिलेले असते. ते मॉड्यूल त्याच यंत्रावर सोर्सपासून बांधावे. त्यासाठी मूळचा जीसीसी 4.8 हा कंपायलर पुरत नाही, डेव्हटूलसेट या जादा संचातील नवा लागतो.

दुसरा मार्ग डॉकरचा, म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या फाइलींसह वेगळ्या कप्प्यात, कंटेनरमध्ये, चालवण्याचा. कंटेनर स्वतःची जीलिबसी सोबत आणतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र यजमान यंत्राचाच, म्हणजे 3.10 वापरतो. म्हणून प्रतिमा (कंटेनरचा तयार साचा) डेबियन 11 या लिनक्सवर आधारलेली घ्यावी, तिच्यात 2.31 आहे. जीलिबसी 2.34 आणि त्यापुढच्या प्रतिमा जुन्या डॉकरवर ‘क्लोन3’ या सिस्टिम कॉलपाशी (कर्नलकडे केलेल्या मागणीपाशी) अडतात आणि तो दोष शोधण्यात नाहक वेळ जातो. दुकानात इंटरनेट मंद असेल तर प्रतिमा दुसरीकडे ‘डॉकर सेव्ह’ने फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवरून नेता येते.

हे दोन्ही उपाय हंगाम निभावून नेण्यापुरतेच आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सेंटओएस 7 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे 30 जून 2024 रोजी थांबले, आणि ज्या यंत्रावर शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब आहे ते त्या अवस्थेत ठेवणे मला योग्य वाटत नाही. नोड 18 ची मुदतही एप्रिल 2025 मध्ये संपली. नोड 20 आणि 22 यांनाही 2.28 च लागते, त्यामुळे सॉफ्टवेअर देणाऱ्यांना 22 वर चाचणी करण्यास आत्ताच सांगावे. आवक ओसरली की दुसऱ्या यंत्रावर अल्मालिनक्स 9 किंवा रॉकी लिनक्स 9 नव्याने बसवावे. दोन्हींत जीलिबसी 2.34 आहे आणि दोन्हींना 2032 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. जुन्याच यंत्रावर चढती आवृत्ती करण्यासाठी अल्मालिनक्सचा ‘एलिव्हेट’ प्रकल्प आहे, पण एकच सर्व्हर असलेल्या दुकानात मी तो निवडणार नाही, कारण मध्येच काही बिघडले तर परतीची वाट फक्त बॅकअपची उरते. डेटाबेस नव्या यंत्रावर नेल्यावर काही दिवस त्याच सौद्यांच्या पट्ट्या दोन्हीकडे काढून रकमा ताडून पाहा, पट्ट्या छापणारा प्रिंटर तेथे चालतो याची खात्री करा, आणि मगच जुना सर्व्हर उतरवा.