दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय नाही

धरमपेठ, नागपूर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

‘चारुलता’ पहिल्यांदा पाहताना तुला रडू आवरले नाही आणि आठवड्याने पुन्हा लावला तेव्हा डोळे कोरडेच राहिले. तेव्हा चित्रपट खोटा की आपले रडणे खोटे, असे तू विचारतेस. दोन्ही खरे आहे. मला राग आला तो तुझ्या पुढच्या वाक्याचा. अर्ध्या तासात तो बंद करून तू यादीतला पुढचा लावलास! अगं, डोळे कोरडे असतात तेव्हाच नीट दिसते.

सत्यजित राय यांच्या 1964 सालच्या या चित्रपटात 1879 चे कोलकाता आहे. श्रेयनामावली चालू असतानाच चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर भरताना दिसते. पहिल्या वेळी आपल्याला गोष्टीची घाई असते, त्यामुळे मोठ्या घरातली बाई वेळ काढते आहे, इतकेच आपण समजतो. पुस्तकात डोके घातलेला तिचा नवरा भूपती तिच्या शेजारून तिला न पाहताच निघून जातो आणि ती दुर्बीण डोळ्यांना लावून त्याची पाठमोरी आकृती न्याहाळते, तेव्हा आपल्याला हसूही येते. आता शेवट ठाऊक असताना पाहा. बायकोचे मन आपल्या चुलत भावात, अमलमध्ये गुंतले आहे हे कळल्यावर घोडागाडीतून एकटाच भटकणारा भूपती डोळे टिपतो, ते त्याच रुमालाने. हे ठाऊक असलेल्याला सुरुवातीचा तो टाका बघवत नाही. जुन्या काळावरच्या चित्रपटांत हे विशेष घडते, कारण तिथली माणसे रीतीभातीमुळे मनातले बोलत नाहीत. त्यांच्या वतीने पडदा, जिना, रुमाल बोलतात, आणि ते बोलणे पहिल्या वेळी कानावर पडत नाही. म्हणून म्हणतो, पुन्हा पाहा.

हे मला उशिरा कळले. रायांचाच ‘शतरंज के खिलाड़ी’ (1977) पाहिला तेव्हा मी पंचविशीत होतो. प्रेमचंदांच्या कथेत बुद्धिबळाचे दोघे खेळाडू तलवारीने एकमेकांना मारतात, चित्रपटात ते जिवंत राहून इंग्रजी नियमांनी नवा डाव मांडतात. एवढ्यावरून ‘थंड आणि भित्रा’ असे परीक्षण मी एका स्थानिक पत्रात एकदाच पाहून ठोकून दिले. पंधरा वर्षांनी तो पुन्हा पाहिला. अवधचा नवाब वाजिद अली शाह मुकुट उतरवून इंग्रज रेसिडेंट औट्रमपुढे धरतो, तिथे मी खुर्चीत ताठ झालो. अवध खालसा झाले 1856 साली. आपले नागपूर त्याआधीच, 1854 मध्ये. भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीला विकायला काढले होते. मी त्याच वाड्याच्या परिसरातल्या महाल या वस्तीत वाढलेला मुलगा. त्या मुकुटाचा अर्थ मला शिकवावा लागायला नको होता. मरणापेक्षा तो नवा डाव किती निर्दय आहे, हेही तेव्हाच उमगले. चूक मान्य करणारे चार शब्द मात्र मी कधीच छापले नाहीत. अहंकार, दुसरे काय.

त्यानंतर दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय मी एक ओळही लिहिलेली नाही. त्यापायी माझे साप्ताहिक सदर गेले, कारण शुक्रवारचा चित्रपट रविवारी छापायचा असतो आणि मी पुढच्या गुरुवारशिवाय हातात लेखणी धरत नसे. मित्र याला हट्ट म्हणतात, घरचे आळस म्हणतात. म्हणोत. वर्षात चारच चित्रपट पाहणारा माणूस कमी पाहतो, असे ज्याला वाटते त्याला मोजता येते, पाहता येत नाही. (हे वाक्य जरा कडवट झाले आहे, पण खोडत नाही.)

तुझी ती दोनशे नावांची यादी कपाटात ठेव. येत्या रविवारी चारच्या सुमारास घरी ये. कूलरचा आवाज मोठा आहे, तरी अडचण नाही. ‘चारुलता’ची पहिली काही मिनिटे जवळजवळ संवादाविनाच आहेत.

तुझा,
काका